पाठीमागची दोन बोटं

किटली भागीची होती. म्हणजे तशी ती खोपोलीच्या कारखान्यातल्या कॅन्टीनची, पण सकाळी पावणेसात ते सात एवढा वेळ ती भागीरथी ठोंबरेची, हे कॅन्टीनवाल्या गोमाकाकांनी दोन वर्षांपूर्वीच मान्य करून टाकलं होतं. थंडीत बॅडमिंटनच्या शटलची पिसं कोरडी पडतात आणि चार फटक्यांत मोडतात. म्हणून शटलचं पुठ्ठ्याचं नळकांडं दोन्ही बाजूंनी उघडायचं, किटलीच्या तोटीवर धरायचं, आतून वाफ जाऊ द्यायची, मग झाकणं लावून बाजूला ठेवून द्यायचं. एवढं केलं की शटल बरंच जास्त टिकतं. हे काम भागी दुसऱ्या कुणाला करू देत नसे, कारण दुसऱ्या कुणावर तिचा विश्वासच नसे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरात एका शनिवारी सकाळी तिच्या किटलीपाशी एक परका तरुण उभा होता. डोक्याला मफलर, डोळे मिटलेले, वाफेत अर्धं तोंड, आणि हातात नळकांडं.

"ही शटलं कुठनं घेतली?" तिने दारातूनच विचारलं.

त्याने डोळे उघडले. वाफेने पापण्यांवर बारीक बारीक थेंब जमले होते. भागीने ते बघितले, आणि बघितल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

"कपाटातनं," तो म्हणाला.

"कपाटाला कुलूप असतंय."

"किल्ली पण असते."

"कुणी दिली?"

"वेल्फेअरच्या साहेबांनी. तुमी भागीरथीबाई का?"

"मी कोण ते मागनं सांगते. आधी शटलं मोजा."

त्याने निमूटपणे मोजली. बारा. मग भागीने मोजली, तरी बाराच. बाराच्या बारा निघाली म्हणून तिचा संशय काही कमी झाला नाही. हा माणूस इतका गुणी कसा, एवढा एक नवा प्रश्न मात्र पडला.

तो नामदेव पेरणे. खालापूरच्या पलीकडच्या एका गावातला, पेणला शिकून फिटर झालेला, आणि भागीचा नवा जोडीदार. तिचा आधीचा पार्टनर गुडघा धरून खेळातून उठला होता. नवा माणूस सोमवारी येणार असं साहेबांनी तिला सांगितलं होतं.

"सोमवारी यायचं होतं ना तुमी?"

"हो."

"आज शनिवार हाय."

"म्हटलं दोन दिवस आधी येऊन बघावं..." त्याने नळकांड्याला झाकण लावलं. "कुणाच्या मागं उभं राहायचंय ते."

मिश्र दुहेरीत बाई पुढे जाळ्यापाशी असते आणि पुरुष मागे. त्याच्या बोलण्यात तसं वावगं काहीच नव्हतं. तरी भागीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने त्याचा दोष वाफेला दिला.

संशय हा ठोंबऱ्यांच्या घरात आईकडून लेकीकडे आलेला दागिना होता. भागीची आई सोनुबाई कर्जत स्टेशनाबाहेर वालाच्या शेंगा विकायला बसायची. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर ती खूश असायची, पण कुणी भाव न करता शेंगा घेतल्या की तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहायची. असल्या आईने बावीस वर्षांच्या पोरीला अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून परपुरुषाबरोबर खेळायला पाठवलं, हेच नवल. त्यामागे एक करार होता. शिमग्यापर्यंत नोकरी पक्की झाली तर भागीने खुशाल खेळावं. नाही झाली तर नेरळचं स्थळ आहे, मुलाचं किराणा दुकान आहे, रॅकेट खुंटीला लागेल.

नोकरी अजून कच्ची होती. कारखाना खेळाडूंना मोसमापुरतं घ्यायचा. दिवसभर पॅकिंग करायचं, सकाळ-संध्याकाळ हॉलमध्ये खेळायचं आणि मार्चअखेर घरी जायचं. साहेबांनी यंदा मात्र शब्द दिला होता. कुलाबा जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या स्पर्धेत मिश्र दुहेरीचा कप जी जोडी आणील, ती दोघं कायम. कायम झालं की राज्य स्पर्धेला भरपगारी रजा, शटलं कारखान्याची, प्रवास कारखान्याचा. भागीला आयुष्यात एवढंच हवं होतं. शाळेतल्या मास्तरांनी भाताच्या गोदामात दोरी बांधून तिला खेळायला शिकवलं, त्या दिवसापासून तिला दुसरं काही नीट दिसलंच नव्हतं. आणि हे सगळं आता त्या मफलरवाल्या माणसावर अवलंबून होतं.

तो खेळायचा मात्र... ते कबूल करायला भागीला दोन आठवडे लागले. बोलायचा कमी. फटका मारताना धापही ऐकू यायची नाही. हॉलची दारं वाऱ्यासाठी लावून घेतलेली असायची, पत्र्यात चिमण्या कलकलायच्या, आणि मागून एकदम शटल तिच्या कानाजवळून सुं करत जायचं. आपल्याला लागणार नाही याची तिला खात्री असायची. माणसाची नव्हती, शटलची होती.

एकदा तिच्या लक्षात आलं की आपल्या रॅकेटला कुणीतरी हात लावलाय. लाकडी रॅकेट वाकू नये म्हणून ती चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवतात. भागी स्क्रू पिळायची ते आठवणीने, वरचे दोन घट्ट, खालचे सैल. सकाळी बघते तर चारही सारखे.

"माझ्या रॅकेटला कोण शिवलं?"

"मी," नामदेव म्हणाला. "एका बाजूनं जास्त आवळलं की वाकतं ते."

"मला विचारायचं."

"विचारलं असतं तर शिवू दिलं असतं?"

"नाय."

"म्हणून नाय विचारलं." तो हसला. खालच्या ओठाच्या एका कोपऱ्यातूनच हसायचा तो, जणू बाकीचं हसू घरी ठेवून आला होता. भागीने त्या संध्याकाळी रॅकेट घरी नेली. दुसऱ्या दिवशी मात्र परत तिथेच ठेवली, आणि का ठेवली याचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

आता इशाऱ्यांचं सांगायला हवं. सर्व्हिस करायच्या आधी भागी शटल धरलेला डावा हात क्षणभर पाठीमागे न्यायची. एक बोट म्हणजे सर्व्हिस आखूड, जाळ्याला लगटून. दोन बोटं म्हणजे उंच, समोरच्याच्या डोक्यावरून. समोरचे दोघं भागीचं तोंड बघत असायचे, पाठ नाही. जगात ती बोटं एकाच माणसाला दिसायची, मागे उभ्या असलेल्या नामदेवला.

दोन बोटांची सर्व्हिस म्हणजे भागीची दौलत होती. मनगट इतकं उशिरा फिरवायची की समोरचा पुढे झेपावलेला असताना शटल त्याच्या डोक्यावरून निघून जायचं. त्यात धोकाही तेवढाच. समोरच्याने वेळेवर ओळखलं की तो मागे सरून जोरात मारणार, आणि पहिली समोर सापडणार ती भागी.

जानेवारीत तसं झालंच. रसायनीच्या कारखान्याची जोडी मैत्रीचा सामना खेळायला आली होती. जना कडू आणि जया. जना दंडाने आडवा, चार वर्षांचा कपवाला. भागीने दोन बोटं दाखवून सर्व्हिस उंच घातली, ती थोडी कमी उंच गेली, आणि जनाचा फटका थेट तिच्या डाव्या भुवईवर आला. शटलचं बूच लहान दिसतं, पण भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. जया धावत पाणी घेऊन आली, जनाने तीनदा माफी मागितली, गोमाकाकांनी हळद आणली. नामदेव चार पावलांवर उभा होता तो तिथेच. त्याने खाली पडलेलं शटल उचललं आणि त्याच्या बुचाकडे बघत राहिला. एक शब्द नाही... साधं "लागलं का" असंसुद्धा नाही. भागीला ते भुवईपेक्षा जास्त लागलं.

आईला तिने दार लागलं म्हणून सांगितलं. सोनुबाईने कुठलं दार, केवढं उंच, आत उघडतं का बाहेर, हे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "बरं. दाराचं नाव काय?"

त्यानंतर काहीतरी बिघडलं. दोन बोटांची सर्व्हिस चालेना. आधी तुरळक, मग दर वेळी, समोरचा माणूस शटल सुटायच्या आतच मागे सरकलेला असायचा. स्पर्धा सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्या त्यांनी नामदेवच्या ताकदीवर काढल्या, पण भागीचं हत्यार बोथट झालं होतं. तिने मनगट तपासलं, शटल धरायची पद्धत बदलली, आरशासमोर उभं राहून आपला चेहरा काही सांगतो का ते पाहिलं. चेहरा काही सांगत नव्हता. मग उरलं कोण? ती बोटं जगात एकालाच दिसतात.

हा विचार तिने दोन दिवस बाहेर ठेवला. तिसऱ्या दिवशी तो आपणहून आत येऊन बसला. त्या दिवशी आईच्या औषधासाठी ती शिळफाट्याला उतरली होती. रस्त्यापलीकडे चहाच्या दुकानात नामदेव होता, आणि त्याच्यासमोर जना कडू. जनाने खिशातून लांबट लिफाफा काढून टेबलावर सरकवला. नामदेवने तो घेतला, दुमडला, शर्टात घातला. भागी भजीच्या गाडीआड उभी राहिली. तेलाचा धूर डोळ्यांत जात होता, असं तिने पुढे स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी किटलीपाशी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल सांजचे कुठं होतात?"

"घरीच."

"घरीच?"

"हो... घरीच. का?"

"काय नाय." तिने नळकांडं वाफेवर धरलं. त्या दिवशी वाफ जास्त झाली आणि बाराही शटलं फुगून वाया गेली. दोन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

कायमची नोकरी रसायनीच्या कारखान्याकडे होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चांगला माणूस ते पळवतात, हेही. आता हिशेब सोपा होता. हा आपल्याला अंतिम सामना हरवणार आणि एक तारखेला तिकडे रुजू होणार. भागी त्या रात्री रडली, आणि रडताना तिला कळलं ते फार वाईट होतं. कप जाणार याचं दुःख होतंच, पण ते दुसऱ्या नंबरावर होतं. पहिल्या नंबरावर तो "घरीच" होता. ओठाच्या कोपऱ्यातून हसणारा माणूस सरळ तोंडाने खोटं बोलला होता, आणि तिला तो आवडला होता. आवडला होता, झालं. आता ते म्हणायला काय हरकत होती?

अंतिम सामना फेब्रुवारीतल्या रविवारी, खोपोलीच्याच हॉलमध्ये, समोर रसायनी. निघताना सोनुबाईने शेंगांची पाटी डोक्यावर घेत सांगितलं, "सांजच्या गाडीला मी फलाटावर हाय. जे काय होईल ते तिथंच सांग. नेरळवाल्यांना उद्याच निरोप द्यायचाय."

पहिला गेम भागी आणि नामदेवने घेतला. भागीने मुद्दाम सगळ्या सर्व्हिस आखूडच केल्या. दुसऱ्या गेमच्या मध्यावर तिने सापळा लावला. पाठीमागे दोन बोटं दाखवली आणि सर्व्हिस आखूड केली. बोटं बघणारा कुणी समोरच्यांना कळवत नसेल तर जना नेहमीसारखा पुढे झेपावेल. कळवत असेल तर...

जना मागे झुकला. शटल जाळ्याला लगटून त्याच्यासमोर टपकन पडलं आणि तो मागे झुकलेलाच राहिला. गुण भागीला मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुरावा मिळाला होता. त्यानंतर तिला शटल धड दिसेना, आणि दुसरा गेम पंधरा-सहाने गेला.

शेवटच्या गेमआधी पाच मिनिटं होती. नामदेव टॉवेल घेऊन तिच्याकडे येत होता, तिने पाठ फिरवली आणि पाण्याच्या माठाकडे गेली. तिथे जया तोंड धूत होती. भागीला आवरलं नाही.

"आमचे इशारे तुमाला कोण सांगतंय, मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "असला कप घेऊन काय करणार गं तू?"

जयाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती गोरीमोरी झाली आणि मग तिचा आवाज चढला. "तोंड सांभाळून बोल. चार वर्षं कप घेतोय आमी, कुणाला विचारून नाय घेतला. तुझ्या बोटांकडं बघतंय कोण? आमी तुझ्या पार्टनरच्या पायाकडं बघतो."

"पायाकडं?"

"डाव्या. तू उंच टाकणार असलीस की त्याचा डावा पाय आधीच पुढं सरकतो, तुझ्या अंगाकडं. जिथनं फटका येणार तिथं आडवा. आंधळ्याला पण दिसंल. तुला तेवढं दिसत नाय, तुझ्या मागं असतोय ना तो." एवढं बोलल्यावर आपण काय बोलून बसलो ते जयाला कळलं. तिने तांब्या आपटून ठेवला आणि निघून गेली.

भागी माठाला टेकून उभी राहिली. तिचा हात आपोआप डाव्या भुवईवर गेला. खपली कधीच पडली होती, बारीक रेघ उरली होती. शटलच्या बुचाकडे बघत राहिलेला तो माणूस तिला आठवला. तो काही बोलला नव्हता. त्या दिवसापासून मागे उभा राहून तो एवढंच करत होता. दोन बोटं दिसली की तिच्या आणि फटक्याच्या मध्ये जायची तयारी.

पण लिफाफा? आणि ते "घरीच"? एवढं सगळं एका पायाने धुऊन निघत नाही, असं तिच्यातली सोनुबाई म्हणाली. शिट्टी झाली.

त्याला सांगावं का? सांगितलं तर तो पाय बांधून ठेवील, आणि सर्व्हिस पुन्हा चालू लागेल. पण त्याच्याहून चांगलं काहीतरी तिच्या हाती होतं. समोरचे त्या पायावर विश्वास ठेवतात. मग पाय सरकू दे. तिने सांगितलं नाही.

रसायनी नऊ, खोपोली तीन. भागीने पाठीमागे दोन बोटं दाखवली. आता ठाऊक होतं म्हणून तिला ऐकू आलं. सिमेंटवर कॅनव्हासचा बूट सरकल्याचा आवाज, अगदी हलका... चर्र. आजवर तो तिने कधी ऐकलाच नव्हता. तिने सर्व्हिस आखूड केली. जना मागे झुकलेला होता. गुण.

पुन्हा दोन बोटं. चर्र. आखूड. या वेळी जया फसली.

पुन्हा. दर खेपेला ती खोटं दाखवत होती आणि दर खेपेला तो सरकत होता. ज्याच्यावर ती फसवणुकीचा आळ घेत होती त्यालाच ती फसवत होती, आणि त्याच्या चांगुलपणावर गुण कमावत होती. नऊ-आठ झाले. अकरा-अकरा. मग समोरचे शहाणे झाले. पायाकडे बघायचं सोडून ते बेधडक पुढे झेपावू लागले. नामदेवनेही तिच्याकडे एकदा बघितलं, जरा जास्त वेळ, पण विचारलं काहीच नाही. त्याच्या मोठ्या फटक्यांवर कसेबसे चौदा झाले. रसायनी बारा. सर्व्हिस भागीची, समोर जना. एक गुण.

हॉलमध्ये चिमण्यांचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. जना जाळ्यावर वाकून उभा, रॅकेट वर. भागीने हात मागे नेला. शटलची पिसं तळव्याला टोचत होती. तिने दोन बोटं दाखवली, आणि या वेळी खरी दाखवली.

चर्र.

शटल जनाच्या डोक्यावरून वर गेलं. तो पुढे झेपावलेला होता, पण चार वर्षांचा कपवाला उगाच नव्हता. हवेत उलटा वळला आणि जे जमलं त्या ताकदीने मारलं, सरळ भागीच्या तोंडावर. भागीला रॅकेट उचलायला वेळ नव्हता. तिने डोळेही मिटले नाहीत. तिच्या कपाळासमोर, वीतभर अंतरावर, दुसरीच एक रॅकेट आली होती. टक् असा आवाज झाला. शटल तिथून उलटं फिरलं, जाळ्याच्या पट्टीला शिवलं आणि पलीकडे पडलं.

नंतरचं तिला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. गोमाकाकांनी किटली वाजवली. साहेबांनी दोघांचे हात हलवत "सोमवारी ऑफिसात या, कागद तयार करतो" असं दोनदा सांगितलं. जया आली, तिच्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "माझ्याच तोंडानं हरवलंस गं," आणि हसली.

संध्याकाळची कर्जतची गाडी खोपोलीच्या फलाटावर उभी होती. सुटायला दहा मिनिटं होती. नामदेवची खोली खोपोलीतच, तो कप घेऊन पोचवायला आला होता. दोघं बाकावर बसली. मध्ये कप.

"मला एक सांगायचंय," भागी म्हणाली. "तुमी रसायनीला विकले गेलात असं मी धरून चालले होते. शिळफाट्याला बघितलं मी. लिफाफा घेताना."

त्याने खिशातून घडी पडलेला लिफाफा काढून तिच्या हातात दिला. रसायनीच्या कारखान्याचं पत्र होतं. कायम जागा, क्वार्टर, एक तारखेपासून.

"मग घरीच होतो असं का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर तुमी म्हणाला असता, जा."

"मी म्हटलं असतं?"

"हो. आणि रागानं म्हटलं असतं. मग मला जावं लागलं असतं." त्याने कपाच्या कानावरून बोट फिरवलं. "जनाला विचारलं, पुढं कोण उभी राहणार. तो म्हणाला, देऊ कुणीतरी. म्हटलं मग नको."

इंजिनाने वाफ सोडल्यासारखा सुस्कारा भागीने सोडला. पण अजून एक उरलं होतं, आणि ते जास्त अवघड होतं.

"आज शेवटच्या गेमला मी तुमाला खोटी बोटं दाखवत होते. मुद्दाम."

"कळलं मला."

"कधी?"

"दुसऱ्या वेळी."

"दुसऱ्या वेळी कळलं? त्याच्यावर सात-आठ वेळा दाखवली मी. दर वेळी तुमचा पाय सरकत होता. मला ऐकू येत होतं."

"हं."

"खोटी हायत हे ठाऊक असून?"

नामदेवच्या ओठाचा कोपरा हलला, पण या खेपेला हसू काही आलं नाही. त्याने तिच्या भुवईकडे बघितलं आणि नजर खाली घेतली.

"एखादं खरं निघालं असतं तर?" तो म्हणाला.

फलाटावर कुणीतरी पेटी ओढत नेत होतं. भागीला रडू आलं, आणि या वेळी कुठला धूर जवळपास नव्हता.

"नामदेव... मला तुमी आवडता. किटलीपाशी बघितलं तेव्हापासनं. पापण्यांवर पाणी होतं तुमच्या. मला वाटलं, हा माणूस चोर असणार."

"होतोच," तो म्हणाला. "साहेबांनी किल्ली कुठं दिली होती? शनिवारी साहेब येतच नायत. गोमाकाकांकडनं मागून घेतली. तुमाला बघायचं होतं."

म्हणजे पहिल्याच दिवशीचा संशय बरोबर होता. तिला इतकं हसू आलं की डोळे पुसायचे राहून गेले. शिट्टी झाली, हिरवा झेंडा हलला. ती उठली, कप त्याच्याच हातात ठेवला आणि डब्याकडे चालू लागली. दारात पाय ठेवताना तिने डावा हात पाठीमागे नेला. दोन बोटं.

मागून आवाज आला, हलका, ओळखीचा. मग फलाटावरून धावत आलेली दोन पावलं, आणि कपाचा दाराच्या दांड्यावर ठण् असा आवाज.

नामदेव डब्यात होता. तिकीट नव्हतं, खोलीला कुलूप घातलेलं नव्हतं, आणि आपण कर्जतला जाऊन काय करणार आहोत याची त्याला काडीमात्र कल्पना नव्हती. तो तिच्यासमोरच्या बाकावर कप मांडीवर घेऊन बसला आणि संबंध तोंडाने हसला. गाडी हलली. कर्जतच्या फलाटावर सोनुबाई उभी असणार होती, हे त्याला सांगावं की न सांगावं, याचा विचार भागीने पळसदरीपर्यंत केला, आणि मग नाही सांगितलं.